नारायण मेघाजी लोखंडे यांची मिलहँड्स असोसिएशन ही खरोखर कामगार संघटना होती का?

प्रश्न – लालबागचा वाचक

आमच्या इमारतीच्या वाचनालयात येत्या १० जूनला नारायण मेघाजी लोखंडे यांच्यावर एक छोटा कार्यक्रम करण्याचे ठरले आहे. ही इमारत पूर्वी चाळ होती आणि तिच्यातील जवळजवळ प्रत्येक बिऱ्हाडातले कोणी ना कोणी गिरणीत कामाला होते. माझे आजोबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या खात्यात होते आणि आजीनेही लग्नानंतर काही वर्षे रीलिंगमध्ये, म्हणजे सुताच्या लडी करण्याच्या खात्यात काम केले. कार्यक्रमासाठी लावायच्या फलकाचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा हे तासाभराचे काम आहे अशी माझी समजूत होती. वाचायला बसल्यावर मात्र मी अडकलो.

लोखंडे यांना भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणतात आणि त्यांनी १८८४ साली स्थापन केलेल्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनला देशातील पहिली कामगार संघटना मानतात. परंतु १८९२ च्या सरकारी अहवालात या संस्थेविषयी असे नोंदवलेले आहे की तिच्याकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियमावली नाही, आणि लोखंडे हे आपल्याकडे येणाऱ्या गिरणी कामगारांना स्वखुशीने सल्ला देणारे गृहस्थ आहेत. हे खरे असेल, तर ‘पहिली संघटना’ असे फलकावर लिहिणे योग्य ठरेल का? दुसरी अडचण रविवारच्या सुट्टीची आहे. दरवर्षी जूनमध्ये फोनवर एक संदेश फिरतो आणि त्यात १० जून १८९० रोजी साऱ्या भारताला रविवारची सुट्टी मिळाली असे ठासून सांगितलेले असते. हे कितपत बरोबर आहे? ज्यांच्या नावाने कार्यक्रम करायचा, त्यांच्याविषयी ऐकीव गोष्टी लिहून मोकळे व्हावे हे मनाला पटत नाही, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे अशी विनंती आहे.

उत्तर – जुनी दप्तरे

आपण उल्लेख केलेली नोंद खरी आहे आणि ती लपवण्याचे काही कारण नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने संघटनेची जी व्याख्या रूढ केली, तिच्या कसोटीवर लोखंडे यांची संस्था उतरत नाही. वर्गणी भरणारे सभासद, निवडलेली कार्यकारिणी, हिशेबाच्या वह्या, यांपैकी तिच्याकडे काहीच नव्हते. या अर्थाने पाहिले तर मद्रासमध्ये १९१८ साली उभी राहिलेली मद्रास लेबर युनियन किंवा १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून वाढलेली गिरणी कामगार युनियन यांनाच संघटना म्हणावे लागेल.

परंतु १८८४ साली काय चालले होते, हे पाहिल्याशिवाय या नोंदीचे वजन कळत नाही. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली आणि या मुलांना महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. प्रौढ माणसांच्या कामाच्या तासांविषयी, पुरुष असोत वा स्त्रिया, त्या कायद्यात एक अक्षरही नव्हते, आणि शंभरापेक्षा कमी माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागूच नव्हता. पुढे मुंबई सरकारने १८८४ साली या प्रश्नाच्या चौकशीसाठी आयोग नेमला, त्या वेळी लोखंडे यांनी सप्टेंबर महिन्यात परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार करून ते आयोगापुढे ठेवले. ज्या माणसांना अक्षरओळख नव्हती, ज्यांना जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या मर्जीवर नोकरी टिकवावी लागत होती आणि एका दिवसाच्या खाड्यापायी दोन दिवसांचा पगार गमवावा लागत होता, त्या माणसांनी मालकाविरुद्धच्या कागदावर आपले नाव किंवा अंगठा उमटवला, ही गोष्ट माझ्या मते कोणत्याही नियमावलीपेक्षा मोठी आहे.

त्या निवेदनातील मागण्या वाचताना मला नेहमी भरून येते, कारण त्या फार साध्या आहेत. आठवड्यातून रविवारी पूर्ण सुट्टी असावी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असे त्यांत म्हटले आहे. गिरणी सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावी अशीही मागणी आहे. जूनमध्ये सूर्य उशिरा मावळतो, हे ध्यानात घेतले तर कामगार स्वतःहून सुमारे बारा तासांचा दिवस मागत होते, आणि तोही त्या काळी सवलत म्हणून मागावा लागत होता. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा, हे चौथे मागणे होते. शेवटचे मागणे असे की कामावर इजा झालेल्या माणसाला बरे होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि जो कायमचा अधू झाला असेल त्याच्या पोटापाण्याची तजवीज करावी.

फलकावर ‘पहिली नोंदणीकृत संघटना’ असे मात्र लिहू नये, कारण नोंदणीची सोयच तेव्हा अस्तित्वात नव्हती. ‘मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संस्था’ असे लिहिल्यास कोणालाही आक्षेप घेता येणार नाही.

उत्तर – बदलीवाला

मी स्वतः गिरणीत बदली कामगार म्हणून, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी काम मिळणारा म्हणून लागलो आणि पुढे खात्याचा प्रतिनिधी झालो, म्हणून या चर्चेत दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

‘स्वखुशीने सल्ला देणारे गृहस्थ’ हे शब्द अहवाल लिहिणाऱ्याने संस्थेचे उणेपण दाखवण्यासाठी वापरले असतील, पण कामगाराच्या बाजूने पाहणाऱ्याला त्यांतून वेगळे चित्र दिसते. मी प्रतिनिधी असताना माझ्याकडे येणारी बहुतेक माणसे संपाची किंवा मागणीपत्राची चौकशी करायला येत नसत. कुणाचा पगार चुकीचा कापलेला असे, कुणाला दोन दिवस तापात पडल्यावर तिसऱ्या दिवशी दारावरून परत पाठवलेले असे, तर कुणाला फक्त अर्ज लिहून हवा असे. आमच्या खात्यातील एका माणसाचा हात यंत्रात सापडला, तेव्हा तो पहिल्यांदा वकिलाकडे गेला नाही, माझ्या खोलीवर आला, आणि त्याची बायको दाराबाहेर उभी राहून रडत होती. त्या रात्री मी जे केले ते सल्ला देण्यापलीकडे काही नव्हते. तरीही दुसऱ्या दिवशी खात्यातील चाळीस माणसे त्याच्यासाठी व्यवस्थापकाच्या केबिनबाहेर उभी राहिली. संघटना अशीच तयार होते, वर्गणीची पावती नंतर फाटते.

दुसरी गोष्ट लोखंडे यांच्या स्थानाविषयी आहे. त्यांचा जन्म १८४८ चा, ठाण्यातला, आणि घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. फुलमाळी समाजातील या मुलाला शिक्षण बेताचेच मिळाले. रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केल्यावर ते मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. स्टोअरकीपर म्हणजे साच्यावर उभा राहणारा कामगार नव्हे, हे मान्य केले पाहिजे. त्याच्या हातात लेखणी असते आणि बसायला जागा असते. मात्र गिरणीत कोणाला किती वाजता घेतात, कोणाला किती वाजता सोडतात, कोणाला दंड होतो आणि पगार कधी वाटतात, हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर घडते. ते पाहून बहुतेक माणसे डोळे मिटून आपली नोकरी सांभाळतात. लोखंडे यांनी नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ ‘दीनबंधू’ पत्राला वाहून घेतले. म्हणून मी त्यांना बाहेरून आलेला पुढारी मानायला तयार नाही.

पगाराच्या मागणीविषयी तरुण वाचकांसाठी एक खुलासा करतो. पंधरा तारखेपर्यंत पगार, म्हणजे एक तारखेला केलेल्या कामाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांनी हातात येणार. मागणीच एवढी लांब असेल, तर प्रत्यक्षात माणसे किती दिवस वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर जगत असतील याचा विचार करावा. आमच्या काळातही नव्याने मुंबईत आलेल्या माणसाचा पहिला पगार खानावळवालीच्या मागील बाकीतच जात असे.

उत्तर – स्पष्टवक्ता

वरील दोन्ही उत्तरांचा आदर राखून थोडी वेगळी बाजू मांडतो, कारण आपल्याकडे थोर माणसांविषयी लिहिताना आजूबाजूचे सगळे पुसून टाकण्याची सवय आहे आणि तिच्यामुळे अखेर त्या माणसाचेच नुकसान होते.

रविवारची सुट्टी केवळ लोखंडे यांच्या प्रयत्नाने मिळाली, असे म्हणता येणार नाही. भारतातील गिरण्यांवर कायद्याची बंधने यावीत यासाठी लँकेशायरचे कापड उत्पादक विलायतेत जोर लावत होते, आणि त्यात मजुरांच्या कळवळ्यापेक्षा मुंबईच्या स्वस्त कापडाची भीती मोठी होती. याच कारणाने आपल्याकडील राष्ट्रीय विचाराची पत्रे, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ही त्यांत आले, फॅक्टरी कायद्याकडे मँचेस्टरचा, म्हणजे याच विलायती कापड उत्पादकांचा डाव म्हणून पाहत होती. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखे पारशी सुधारक लोखंडे यांच्याही आधीपासून मुलांच्या आणि स्त्रियांच्या कामाच्या तासांसाठी खटपट करत होते. ही सगळी मंडळी फलकावर येणार नाहीत हे मला समजते, पण कार्यक्रमातील भाषणात तरी त्यांची नावे यावीत.

लोखंडे यांचे खरे धैर्य मला नेमके या कोंडीत दिसते. एकीकडे परके कारखानदार स्वार्थासाठी कायदा मागत होते, दुसरीकडे स्वदेशी उद्योगाच्या नावाखाली आपले सुशिक्षित लोक त्या कायद्याला विरोध करत होते, आणि या दोघांच्या भांडणात पहाटे भोंग्याबरोबर उठणाऱ्या माणसाला काय हवे आहे हे विचारायला कोणी तयार नव्हते. ‘दीनबंधू’ हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केले होते. लोखंडे यांनी ते १८८० साली मुंबईला आणून चालवले आणि त्यातून कायदा कामगाराला हवा आहे अशी उघड भूमिका घेतली. सत्यशोधक समाजाच्या विचारात वाढल्यामुळेच हे त्यांना शक्य झाले, असे मला वाटते. देशी मालकाचा जुलूम हा देशी असल्यामुळे सौम्य होत नाही, ही गोष्ट जोतीराव फुले यांच्या सहवासात राहिलेल्या माणसाला वेगळी शिकवावी लागली नसणार.

आणि तरीही हे दोघे प्रत्येक बाबतीत एकमताचे नव्हते. शेतकऱ्यांच्या स्थितीवरील फुल्यांच्या लेखनाचे पहिले दोन भाग ‘दीनबंधू’त छापून झाल्यावर पुढचा मजकूर छापण्याचे लोखंडे यांनी थांबवले आणि फुल्यांना त्याचा फार राग आला. सरकारी रोषाचे भय बाळगून पत्र जगवायचे की सगळे लिहून पत्राचे जे व्हायचे ते होऊ द्यायचे, असा तो पेच होता. मी फुल्यांच्या बाजूचा आहे. परंतु लोखंडे यांनी पत्र टिकवले नसते, तर पुढील दहा वर्षांत गिरणी कामगारांची बाजू मराठीत कोणी छापली असती, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही.

उत्तर – जुनी दप्तरे

‘स्पष्टवक्ता’ यांचे म्हणणे मान्य आहे. रविवारविषयीचा प्रश्न अर्धवट राहिला होता, तो पूर्ण करतो.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सजवळच्या मैदानावर सुमारे दहा हजार गिरणी कामगार जमले. आठवड्याची सुट्टी मागणारा ठराव तेथे झाला आणि ती मागणी गिरणी मालकांच्या संघाकडे गेली. १० जून १८९० रोजी मालक संघाने ती मान्य केली. म्हणजे ही तारीख खरी आहे, पण हा मुंबईच्या गिरणी मालकांचा निर्णय होता. सरकारी कचेऱ्या त्याआधीही रविवारी बंद असत, आणि गिरण्यांतही रविवार यंत्रांच्या सफाईसाठी राखलेला असल्याने कामगारांना अर्धा दिवस तेलकट चिंध्या घेऊन राबावे लागे, हीच तर त्यांची तक्रार होती. देशभरातील कारखान्यांसाठी आठवड्याची सुट्टी कायद्यात आली ती १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने. त्या कायद्याआधी नेमलेल्या १८९० च्या आयोगाच्या मुंबईतील कामात लोखंडे यांचा सहभाग होता. आपल्याकडे रविवार हा खंडोबाचा वार आहे, हेही सुट्टीच्या बाजूने सांगितले जाते. जेजुरीला कुलदैवत असणाऱ्या माणसांनी भरलेल्या गिरण्यांत ते कोणालाही पटण्यासारखेच होते.

बाकीच्या मागण्यांचे पुढे काय झाले, ते सांगितल्याशिवाय १८८४ चे निवेदन पुरते कळणार नाही. दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती १८९१ च्या कायद्यात आली, आणि स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा व मुलांसाठी किमान वय नऊ वर्षे ही तरतूदही त्यातच झाली. प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र त्या कायद्याने हात लावला नाही. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्ताची जी नैसर्गिक मर्यादा होती तीही गेली आणि दिवस आणखी लांबला. कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा यायला १९११ साल उजाडले. कामावर इजा झालेल्यांना भरपाई देणारा कायदा १९२३ साली झाला. पगार ठरलेल्या तारखेला देण्याचे बंधन १९३६ च्या कायद्याने आले. सुपारीबागेतील सभांनंतर बावन्न वर्षांनी! त्या कागदावर अंगठा उमटवणाऱ्यांपैकी फारच थोडी माणसे तोवर हयात असतील.

उत्तर – ठाणेकर

चर्चा गिरणीपुरतीच राहू नये म्हणून थोडी भर घालते. लोखंडे यांनी १८९० सालीच मुंबईतील नाभिकांची सभा घडवून आणली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असा निर्धार त्यांच्याकडून करवून घेतला. याला समाजसुधारणा म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवतात, परंतु मला तो कामगारांचाच लढा वाटतो. ज्याच्या हाताने अन्याय करवून घेतला जातो, त्याने ते काम करायला नकार द्यायचा, हे संपाचेच तत्त्व आहे, आणि येथे ते स्वतःच्या मजुरीसाठी न वापरता दुसऱ्याच्या घरातील, दुसऱ्या जातीतील बाईसाठी वापरले गेले.

१८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली, तेव्हा कामगार वस्त्यांत शांतता राखण्यासाठी त्यांनी धडपड केली आणि राणीच्या बागेत दोन्ही समाजांची एकोप्याची सभा भरवली. साच्याशेजारी साचा लावून काम करणारी माणसे एकमेकांवर उठली, तर मालकाला काही करावेच लागत नाही, हे ते जाणून होते. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. काही अभ्यासकांना ती खटकते. मला ती खटकत नाही, कारण ती स्वीकारल्यानंतरही ते ज्या वस्तीत होते त्याच वस्तीत राहिले, आणि त्याचा पुरावा त्यांच्या मृत्यूतच आहे. १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग पसरला आणि ज्यांना जाणे शक्य होते ते लोक शहर सोडून निघाले. लोखंडे रोग्यांच्या सेवेत राहिले, तेथेच त्यांना लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. त्यानंतर महिनाभराने, १० मार्चला, सावित्रीबाई फुले यांचाही पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना अंत झाला. सत्यशोधकांच्या त्या पिढीतील ही दोन माणसे एकाच साथीत, एकाच कामात गेली, हे वाचले की पुढचे पान उलटायला थोडा वेळ लागतो.

प्रश्नकर्ता – लालबागचा वाचक

सर्वांचे मनापासून आभार. आपण सुचवलेल्या दुरुस्त्या करून मजकूर असा लिहिला आहे, कृपया तपासावा.

‘नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७). सत्यशोधक, “दीनबंधू”चे संपादक, मुंबईच्या गिरणी कामगारांच्या पहिल्या संस्थेचे संस्थापक. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी सभा घेतल्या व साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगाला दिले. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करताना निधन.’

परळ येथील महाराष्ट्र शासनाच्या श्रम विज्ञान संस्थेला लोखंडे यांचेच नाव आहे आणि ती आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हे मला इतकी वर्षे तेथे राहून ठाऊक नव्हते. त्यांचे छायाचित्र तेथे मिळते का, हे पाहायला या आठवड्यात जाणार आहे.

उत्तर – ठाणेकर

मजकूर चांगला आहे. एकच भर घालावी असे सुचवते. महालक्ष्मीच्या १८९० च्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली होती. त्यांची नावे नसली तरी ‘एप्रिल १८९० च्या महालक्ष्मीच्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या’ एवढे वाक्य जूनच्या तारखेआधी बसवावे. तुमच्या आजी रीलिंगमध्ये होत्या, म्हणून ते तुमच्या फलकावर असायलाच हवे.